देखाव्याखालची जमीन: रंगकाम आणि वेदरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा किल्ला मोडून झाला की आमच्याकडे दरवर्षी दोन-चार जण येऊन बसतात. कुणाच्या मुलाला आता ‘कायमचा किल्ला’ हवा असतो. कुणी १:३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा, रणगाडा महिनाभर खपून जोडलेला असतो आणि तो टीव्हीशेजारी नुसता उभा राहून केविलवाणा दिसत असतो. मॉडेल सगळ्यांना जमते, घोडे अडते ते खालच्या जमिनीवर: तिच्या रंगावर आणि वेदरिंगवर, म्हणजे ऊन, पाऊस आणि वापर यांच्या खुणा रंगाने उमटवण्यावर. चहाबरोबर तीच तीच उत्तरे देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. प्रश्नांचा क्रम लोक विचारतात तोच ठेवला आहे, शास्त्रशुद्ध वगैरे नाही.

डायोरामा म्हणजे गणपतीतला देखावाच ना?

हो, तोच. मंडळाचा देखावा मांडवात मावतो आणि आपला पुस्तकाच्या कप्प्यात, एवढाच फरक. आणखी एक फरक आहे, पण तो शिस्तीचा. मंडळाच्या देखाव्यात महाराज गडापेक्षा मोठे असले तरी चालते, इथे सगळे एकाच प्रमाणात लागते. १:३५ मध्ये माणूस साधारण ५ सेंटिमीटरचा होतो, १:७२ मध्ये जेमतेम अडीच. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा आणि डब्यातून आलेला सैनिक शेजारी उभे करू नका, दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

जमिनीला कोणता रंग द्यायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा ‘ब्राऊन’ लिहिलेली बाटली आधीच असते. ती आधी खाली ठेवा. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: कुठली जमीन?

पुण्याच्या आसपासचेच घ्या. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीपाशी उभे राहिलात तर एका नजरेत तीन रंग दिसतात. ताजा फुटलेला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, निळसर करड्या रंगाचा असतो. तोच दगड वर्षानुवर्षे उघडा पडला की त्यातले लोह गंजते आणि त्याच्यावर तांबूस-तपकिरी साय धरते. आणखी कुजला की त्याचा मुरूम होतो, पिवळट तपकिरी आणि ठिसूळ. काही ठिकाणी गोल धोंड्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात, तेही कुजण्याचेच काम. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. एका लाव्हाच्या थरावर माती तयार झाली आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला, त्याची ती खूण. हे सगळे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

इंदापूर-दौंडकडे उतरलात की जमीन काळी. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या पठारावर गेलात की जांभा, लालभडक आणि भोकाभोकांचा. सिंहगडाच्या देखाव्याला जांभ्याचा रंग दिला की जाणकार माणूस काही बोलत नाही, फक्त चष्मा सारखा करतो.

तेव्हा पहिले काम रंगाचे नाहीच. ज्या जागेचा देखावा आहे तिथली चिमूटभर माती किंवा निदान फोटो मिळवा. माती मिळाली तर पांढऱ्या कागदावर अर्धी कोरडी ठेवा, अर्धी ओली करा. दोन छटांमधले अंतर पाहून बहुतेक लोक चकित होतात. आपल्याला लागणारे निम्मे रंग त्या कागदावरच सापडतात.

पण माझा देखावा पुण्याचा नाहीच. १९७१ चा सेंच्युरियन रणगाडा आहे. मग?

मग मुरूम विसरा. पुणेकरांना सेंच्युरियनचे प्रेम असणारच, कारण बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात लढले तो सेंच्युरियन होता आणि त्यांच्या रेजिमेंटच्या नावातच पूना आहे: १७ पूना हॉर्स. पण लढाई झाली शकरगडच्या भागात. ती पंजाबची गाळाची जमीन. दगड जवळजवळ नाहीत, माती बारीक, फिकट राखाडी-तपकिरी, आणि दिवस डिसेंबरचे. तिथे काळे धोंडे आणि सह्याद्रीचे पिवळे गवत पसरले की रणगाडा खडकवासल्याला सहलीला आल्यासारखा दिसतो.

त्याच पंजाबात सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला शेते मुद्दाम पाणी सोडून भिजवली होती आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या शेतांतल्या चिखलात रुतले. म्हणजे प्रदेश जवळपास तोच, पण ऋतू वेगळा, पिके वेगळी, माती ओली. तळाचा रंग बदलला, रणगाड्याच्या पट्ट्यांवरचा चिखल बदलला, सावलीही बदलली. लोंगेवालाचा देखावा असेल तर वाळवंट, आणि तिथे चिखलाचा एक ठिपकाही नको.

रणगाड्यांचे लोखंड आणि पट्टे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय एका दिवसात करून येता येते. पट्ट्यांच्या कड्या कुठे घासून चकाकतात आणि गंज कुठे साचतो, ते तिथे नीट बघा.

तळ कशाचा करू? थर्माकोल चालेल?

खाली प्लायवूडच घ्या, १२ मिलिमीटरचे. पातळ एमडीएफ ओल्या थरामुळे केळीच्या पानासारखे वळते. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आधी रंगाचा किंवा पातळ फेव्हिकॉलचा हात द्या, म्हणजे ओल एकाच बाजूने शिरत नाही.

उंचवट्यांसाठी थर्माकोल चालतो, पण कापला की साबुदाण्यासारखे मणी घरभर उडतात. त्यापेक्षा घट्ट फोमचे इन्सुलेशन बोर्ड मिळाले तर बघा. ते सुरीने कोरता येते आणि कोरलेली धार तशीच राहते. दोन्हींवर स्प्रेचा रंग थेट मारू नका, त्यातला थिनर फोम खाऊन टाकतो. मी एकदा घाईत असा स्प्रे मारला आणि तीन दिवस कोरलेली खिंड डोळ्यांदेखत वितळून खड्ड्यात गेली. आधी फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिक रंग एकत्र करून जाड थर द्यायचा, कुठेही पांढरा फोम उघडा ठेवायचा नाही, मग वरचे सोपस्कार.

अंगणातली खरी माती चिकटवली तर रंगवायचीच कशाला?

कारण खरी माती लहान होत नाही. तिचे कण मोठे असतात, मधूनच चमकतात आणि फेव्हिकॉलचे पाणी प्यायली की कायमची गडद होते. कोरडी धूळ दाखवायला घेतलेली माती नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी दिसते. खरी माती पोत म्हणून उत्तम आहे, रंग म्हणून नाही. चिकटवा, वाळू द्या आणि मग तिलाच तिचाच रंग द्या. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण करून बघा.

वापरण्याआधी माती चाळा, एकदा पिठाच्या चाळणीतून आणि एकदा चहाच्या गाळण्यातून. गाळणे परत स्वयंपाकघरात ठेवू नका, यावरून घरात बरेच बोलणे झाले आहे. मग माती लोखंडी तव्यावर चांगली भाजून घ्या. हे टाळले तर काय होते ते मला माहीत आहे. एका श्रावणात माझ्या तळावर पांढरी बुरशी आली, आणि तीही प्रमाणात नव्हती.

आपल्याकडच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण भरपूर असतात, ते बेसॉल्टमधले मॅग्नेटाइट. रणगाड्याच्या देखाव्यात त्याचा त्रास नाही. पण रूळ टाकून छोटी रेल्वे चालवणार असाल तर मातीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक दोन-तीनदा फिरवा, नाहीतर ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात.

दगड केवढे घ्यायचे?

गुणाकार करा. १:३५ मध्ये २ मिलिमीटरचा खडा म्हणजे ७ सेंटिमीटरचा दगड, हातात मावणारा. तोच खडा १:७२ मध्ये साडेचौदा सेंटिमीटरचा होतो आणि १:८७ मध्ये साडेसतरा. रस्त्यावर असे दगड पसरले तर बैलगाडीसुद्धा जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. खऱ्या जमिनीवर दगड सारख्या अंतरावर पेरलेले नसतात. ते उताराच्या पायथ्याशी घरंगळून जमतात आणि पाण्याच्या वाटेत अडकतात. उरलेली जमीन बरीचशी मोकळी असते. मोठा दगड मातीवर नुसता ठेवू नका, त्याला एक तृतीयांश पुरा.

रंग कोणते आणि कुठून घेऊ?

ॲक्रिलिकच्या ट्यूबा पुरेत: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, यलो ऑकर, पांढरा, काळा आणि पेन्स ग्रे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास सहज मिळतात. परदेशी बाटल्या उत्तमच असतात, पण त्या मॉडेलसाठी राखून ठेवा. जमीन रंग पिते, तिला इतक्या महागाचे काही कळत नाही.

कोरड्या भुकटीसाठी तर परदेशी डबीची गरजच नाही. हार्डवेअरच्या दुकानात फरशीत मिसळायचे लाल, पिवळे आणि काळे ऑक्साइड मिळते. कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावायची काव म्हणजे गेरू, तोही लोहाचाच रंग. गंज आणि जांभ्याची धूळ यांच्यासाठी याहून चांगले काही नाही, कारण गंज आणि जांभा यांनाही रंग लोहामुळेच आलेला असतो. रविवार पेठेत बोहरी आळीत एक चक्कर मारा, येताना पिशवी भरलेली असेल. रंगीत रांगोळी मात्र वापरू नका. तिचा दाणा खरखरीत, रंग वरून चढवलेला, उन्हात उडतो.

भुकटी हाताळताना नाकाला मास्क लावा. ऑक्साइड पांढऱ्या शर्टावर पडले तर तो शर्ट तुमच्याकडे फक्त रंगकामासाठी उरला असे समजा.

रंग कोणत्या क्रमाने द्यायचे?

गडदाकडून फिक्याकडे. माझी पद्धत अशी आहे, दुसऱ्या कुणाची वेगळी असेल.

सगळा तळ आधी काळपट तपकिरी करून घेतो. प्रत्येक खड्ड्यात आणि दगडाखाली तो रंग पोचलाच पाहिजे, एकही पांढरा ठिपका राहता कामा नये. हा वाळला की जमिनीचा मुख्य रंग, पण एकच मिश्रण सगळीकडे नाही. बशीत तीन छटा करून ठेवायच्या आणि त्या ओल्या असतानाच तळावर एकमेकींत मिसळायच्या. मोठ्या ब्रशने थापटत जायचे, भिंत रंगवल्यासारखे ओढायचे नाही.

मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की तो गोळा न होता फटींत पळतो. तळावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर असेल तर वॉश ओला असताना भयंकर काळा दिसतो आणि पहिल्यांदा करणारा घाबरून पुसायला धावतो. थांबा. वाळल्यावर बराच फिका पडतो.

त्यानंतर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग हलकेच फिरवणे, आणि शेवटी भुकटी. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. एका रविवारात सगळे उरकायचे असेल तर दिवाळीचा किल्लाच बरा.

आणि रंग वाटतो त्यापेक्षा फिका ठेवा. १:७२ चा देखावा आपण ३० सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरे तर २१-२२ मीटरवरून बघतो. इतक्या अंतरावर हवेमुळे, धुळीमुळे रंग थोडे विटलेले दिसतात. शुद्ध काळा तर कुठेच नको. काळा दगडसुद्धा करडाच रंगवायचा.

ड्रायब्रश केला की पीठ सांडल्यासारखे दिसते. काय चुकते?

ब्रशवर रंग जास्त आहे आणि रंगात पांढरा जास्त आहे. ब्रश जुन्या कापडावर इतका पुसा की आता यात काहीच उरले नाही असे वाटेल. मग जे उरलेले असते तेच हवे असते. नुसता पांढरा घेऊ नका, जमिनीच्याच रंगात थोडा यलो ऑकर आणि चिमूटभर पांढरा मिसळा. जिथे ऊन पडेल तिथेच फिरवा. खड्ड्याच्या तळाला ऊन लागत नाही.

झालेली चूक निस्तरायला पातळ बर्न्ट अंबरचा एक हात वरून फिरवा, बरेचसे झाकले जाते.

सह्याद्रीचा कडा कसा करायचा? बाजारातले साचे वापरू?

बाजारातले रबरी साचे बहुतेक परक्या डोंगरांचे असतात, टोकदार आणि तिरप्या चिरांचे. आपला डोंगर आडवा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसले, त्यामुळे सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. भूशास्त्रात या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात तेही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. काळा उभा कडा, मग मुरमाचा उतार, त्यावर गवत, मग पुन्हा कडा. हा ताल पकडला की रंग थोडा चुकला तरी बघणारा म्हणतो, “अरे, हा तर आपला डोंगर!”

फोमचे आडवे थर एकमेकांवर चिकटवा, प्रत्येकाची धार थोडी मागेपुढे ठेवा. कड्याच्या भागात सुरीने उभ्या चिरा पाडा, मग खरा दगड घेऊन त्यावर दाबत जा. दगडाचा पोत फोमवर जसाच्या तसा उठतो. रंग गडद करडा, त्यावर जागोजागी पाणी घालून पातळ केलेले यलो ऑकर आणि बर्न्ट अंबरचे वेडेवाकडे ठिपके, आणि ते वाळल्यावर वरून काळसर वॉश. आडव्या कंगोऱ्यांवर फिकट ड्रायब्रश. शेवटी अगदी थोडे पांढरट-राखाडी डाग स्पंजच्या तुकड्याने टेकवा, ते दगडफूल.

बेसॉल्टचा रंग शांतपणे बसून पाहायचा असेल तर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जा. आठव्या शतकातले हे लेणे अख्खे याच दगडात कोरलेले आहे. सावलीतला दगड, उन्हातला दगड, पाणी झिरपलेला आणि हात लागून गुळगुळीत झालेला, सगळे नमुने एकाच अंगणात मिळतात.

वेदरिंग किती करायचे?

‘किती’ विचारण्याआधी ‘का’ विचारा. मला इथेच सगळ्यात जास्त बोलायचे असते आणि ऐकणाऱ्याला इथेच घरी जायची घाई झालेली असते.

वेदरिंग म्हणजे घाण करणे नव्हे. प्रत्येक डागाला कारण लागते. पाणी वरून आले, ते कुठून वाहिले, कुठे साचले, कुठे जिरले? ऊन कुठल्या बाजूने येते? माणसे कुठून चालतात? ही तीन उत्तरे कागदावर पेन्सिलने आखून घ्या. वाटेवर माती घट्ट, फिकी आणि जवळजवळ गुळगुळीत असते, कारण पाय पडून पडून ती तशी होते. वाटेच्या दोन्ही कडांना सैल खडी आणि गवत. पाणी साचते तिथे बारीक गाळ बसतो, म्हणून खड्ड्यातली माती सगळ्यात मऊ आणि एकसारखी दिसते. भिंतीच्या पायथ्याशी वीत-दीड वीत उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे, कारण पन्हाळीचे पाणी खाली पडून उडते. त्याच्या वर भिंत स्वच्छ. हे शिंतोडे मी ताठ केसांचा जुना टूथब्रश अंगठ्याने खेचून उडवतो, बाकीचा देखावा वर्तमानपत्राने झाकून.

शनिवारवाड्याची तटबंदी एकदा या नजरेने बघा. खाली दगड, वर विटा. दगडावरून ओघळ कसे उतरतात, विटांच्या सांध्यांत हिरवे-काळे कुठे धरते आणि कुठे धरत नाही. वाडा उभा राहिला १७३० ते १७३२ या काळात, आतले बरेचसे १८२८ च्या आगीत गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या भिंतीवर आपले काम करून जातो. पावसाचा ओघळ नेहमी वरून खाली, सरळ, आणि कुठल्यातरी फटीपासून किंवा टोकापासून सुरू होतो. भिंतीच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपलेला ओघळ मी कुठल्याच भिंतीवर पाहिलेला नाही, मॉडेलवर मात्र दर आठवड्याला पाहतो.

ओघळासाठी तैलरंग बरा. बर्न्ट अंबरचा टिंब ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेला ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. खालचा ॲक्रिलिक थर पूर्ण वाळलेला हवा, आणि फोम कुठे उघडा असेल तर टर्पेंटाइन तिथे जाऊ देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन आणि वाहन एकाच गावचे दिसायला हवे. जी भुकटी जमिनीवर, तीच चाकांवर, सैनिकांच्या बुटांवर, बैलांच्या खुरांवर. फार लोक रणगाडा आधी मळवतात आणि तळ नंतर दुसऱ्या रंगात करतात. मग लाल धुळीचा रणगाडा पिवळ्या जमिनीवर उभा राहतो, जणू आताच कुणीतरी उचलून ठेवला. आणि वाहन उभे आहे तर त्याच्यामागे पट्ट्यांचा ठसा कुठे आहे? १:३५ मध्ये दहा सेंटिमीटर खोल चाकोरी म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर. ती पुट्टी ओली असतानाच मॉडेलचे चाक किंवा पट्टा दाबून काढायची. पट्ट्याला आधी थोडे तेल लावा.

ओला चिखल आणि डबकी कशी करायची?

चिखल म्हणजे माती अधिक चमक. पुट्टी, फेव्हिकॉल, चाळलेली माती आणि रंग यांचा घट्ट गोळा करून लावा, वाळू द्या. ओला दाखवायचा भाग कडेच्या जमिनीपेक्षा गडद रंगवा, मग त्यावर ग्लॉस वार्निश. सगळीकडे सारखी चमक नको. मधे पूर्ण चकचकीत, कडेला साटन, मग मॅट. जमीन वाळते तीही कडेकडूनच.

डबक्यासाठी दोन भागांचे एपॉक्सी रेझिन. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड ओतू नका, कारण ते तापते. तळाला आधी गाळाचा रंग द्या. पुण्याच्या जुलैतले डबके निळे नसते, दुधाच्या चहाच्या रंगाचे असते. रेझिनमध्ये मातीच्या रंगाचा अगदी थेंब पुरतो.

काळ्या मातीच्या भेगा कोरायच्या का?

कोरू नका, मातीलाच करू द्या. खरी काळी माती बारीक चाळून पाण्यात दाट कालवा आणि प्लास्टरच्या तळावर ओता. सावलीत वाळू द्या, ती आपणहून तडकते. थर जितका जाड तितक्या भेगा एकमेकींपासून लांब, थर पातळ तर भेगांची जाळी बारीक. तेव्हा प्रमाण जमवायचे ते थराच्या जाडीने. १:७२ साठी पापडाएवढा थर, १:३५ साठी भाकरीएवढा. पूर्ण वाळल्यावर पातळ फेव्हिकॉलचे थेंब ड्रॉपरने सोडत जा, ब्रश लावू नका. मग रंग. काळी माती कोरडी असताना काळी नसते, करडी असते.

गवतासाठी अळीव पेरू का?

किल्ल्यावर पेरा. आमच्याकडे अजूनही पेरतो. कायमच्या देखाव्यात जिवंत काहीच नको.

वाळलेल्या गवतासाठी सुतळी किंवा काथ्या उसवून बारीक कापा आणि फेव्हिकॉलच्या ठिपक्यात उभा रोवा. सह्याद्रीवर ऑक्टोबरनंतर गवत सोनेरी होते आणि उन्हाळ्यात पांढुरके पडते, तेव्हा सुतळीला फारसा रंगही लागत नाही. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झुडपे सुरेख होतात. चहाचा चोथा धुऊन, वाळवून टाकला की पानगळ. हिरवा भुसा आणायचा तर दोन-तीन हिरव्या छटा मिसळा. एकाच हिरव्या रंगाचे गवत क्रिकेटच्या मैदानाचे असते.

गवताचे धागे स्थिर विजेने उभे करायला डास मारायच्या रॅकेटचे यंत्र करतात, ते चालतेही. पण त्यातला विजेचा झटका चांगलाच असतो. मुलांच्या हातात देऊ नका.

वार्निश मारल्यावर सगळे पांढरे पडले!

जुलै-ऑगस्टमध्ये मारलेत ना? हवेत ओल असताना स्प्रे वार्निश दुधाळ होते. कोरड्या दिवशी वरून पुन्हा एक हलका हात दिला तर पुष्कळदा सुधारते, दरवेळी नाही. पावसाळ्यात ब्रशने लावायचे पाण्याचे मॅट वार्निश वापरा किंवा गणपती-नवरात्र होऊन जाऊ द्या. आणि भुकटी लावून झाल्यावर वार्निश मारले की भुकटी निम्मी नाहीशी होते, हे गृहीत धरून आधीच थोडी जास्त लावा.

प्लास्टर हातात असतानाच आवळते. उपाय?

पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, थोडा वेळ जास्त मिळतो. मीठ टाकले तर उलट लवकर आवळते. उघड्या पुडीतले प्लास्टर पावसाळ्यानंतर भुसभुशीत राहते, ते टाकून द्या, पैसे वाचवू नका.

उरलेले प्लास्टर सिंकमध्ये ओतू नका. मी ओतले होते. प्लंबरने पाइपमधून जो तुकडा काढला तो पाइपच्या वळणाचा हुबेहूब साचा होता. मी तो जपून ठेवला आहे.

मुलांना बरोबर घेऊ का?

जरूर. सुरी, टर्पेंटाइन आणि रेझिन तुमच्याकडे, माती, भुकटी आणि दगड त्यांच्याकडे. कोथरूडला जोशींचे रेल्वे म्युझियम आहे, छोट्या गाड्यांचे अख्खे शहर. आधी ते दाखवून आणा. गाड्या बघून झाल्या की मुलांना रुळाखालची खडी आणि बोगद्यावरचा डोंगर दाखवा. परतताना ती रस्त्यातले खड्डे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, आणि पुण्यात त्यासाठी साहित्य कमी पडत नाही.

झालेला देखावा कसा जपायचा?

काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत. आपल्याकडची धूळ प्रमाणात नसते, महिनाभरात सगळ्यावर एकसारखी दुलई पसरते. पेटी नसेल तर मेकअपच्या मऊ ब्रशने झटका, ओले फडके कधीच नाही. थेट उन्हात ठेवू नका, रंगवलेला भुसा सगळ्यात आधी विटतो. पावसाळ्यात पेटीत बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पुट्टीत किंवा चिकटवण्यात कुठेही खळ वापरली नाही ना ते आठवा. मी एकदा खळ वापरली होती. मुंग्यांनी तटाच्या बुरुजातून रांग लावून गड तीन दिवसांत रिकामा केला.